चार डोळ्यांचं दुकान

आता साहेब झाले म्हणून साहेब म्हणायचं, नाहीतर गावात त्यांचं नाव होतं 'जेवणानंतर'. औषधाच्या दुकानात कुणीही या, काहीही न्या, खोकल्याची बाटली न्या नाहीतर टाचेच्या भेगांचं मलम न्या, हे काउंटरवरून पुढे वाकणार आणि म्हणणार, "जेवणानंतर बरं का!" एकदा एकाने नुसता थर्मामीटर विकत घेतला, तर त्यालाही जेवणानंतर सांगून मोकळे झाले. गाव पोट धरून हसलं. तेव्हा हसायची सोय होती. पुढे ते निवडून आले, राजधानीत गेले, मंत्री झाले, आणि ज्यांनी हे नाव ठेवलं होतं तेच लोक त्यांच्या गाडीचं दार उघडायला धावू लागले. माणसांचं असंच असतं, त्याला काय करणार.

त्यांच्या बायकोला मात्र गाव आधीही बाई म्हणत होतं आणि नंतरही बाईच म्हणत राहिलं. औषधवाल्या बाई. दोघं एकाच कॉलेजात औषधशास्त्र शिकलेली, पुढच्यामागच्या बाकांवर बसलेली. बाईंना मार्क जास्त पडले होते आणि ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला आयुष्यात कधी विसरू दिली नाही.

दुकानाचा एक नियम होता. औषध एकाने काढायचं आणि दुसऱ्याने वाचायचं. साहेब चिठ्ठी बघून कप्प्यातून औषध काढत आणि बाईंच्या हातात देत, चिठ्ठी स्वतःकडेच ठेवत. बाई चिठ्ठीकडे न बघता पट्टीवरचं मोठ्याने वाचत, नाव, ताकद, तारीख. साहेब ते चिठ्ठीशी ताडून म्हणत, "बरोबर." मगच औषध काउंटरच्या पलीकडे जाई. गर्दी असो, वीज गेलेली असो, घाईचं गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालून उभं असो, नियम म्हणजे नियम. दोन डोळ्यांनी दुकान चालत नाही, चार लागतात, असं साहेब म्हणत.

दिवसभर हेच चाले. लग्नानंतरच्या त्या वर्षांत दोघं एकमेकांशी जे काही बोलली, त्यातलं निम्मं तर तापाच्या आणि पित्ताच्या गोळ्यांबद्दलच असेल. पण आवाजातून काय काय कळतं! सकाळी भांडण झालं असलं की बाई 'मिलिग्राम' असं काही ठणकावून म्हणत की गिऱ्हाईक दचकून मागे सरे. आणि भांडण मिटलं की साहेबांचं 'बरोबर' उगाचच लांबे. शेजारचा फोटो स्टुडिओवाला सांगायचा, ह्या दोघांकडे नुसती डोकेदुखीची गोळी घ्यायला गेलं तरी आपण मध्येच आल्यासारखं वाटतं.

मग राजकारण आलं. आलं म्हणजे घरात शिरलंच. सरकारी दवाखान्यात साखरेच्या रुग्णांची इंजेक्शनं संपली होती आणि वरचे लोक एकमेकांकडे बोट दाखवत होते. साहेब विचारायला गेले. उत्तर मिळेना म्हणून तिथेच पायरीवर बसले. त्यांच्याशेजारी आधी एक म्हातारा बसला, मग चारजण, मग अख्खी गल्ली. इंजेक्शनं आली, पण साहेब पायरीवरून उठले ते नगरसेवक व्हायलाच. "एवढीच एक टर्म गं," ते बाईंना म्हणाले. "लोकांचं मन मोडवत नाही." मग राज्याच्या निवडणुकीलाही एवढीच एक टर्म, मग संसदेच्याही निवडणुकीला एवढीच एक. बाई प्रत्येक वेळी म्हणाल्या, "तुमची मर्जी." हे दोन शब्द बायका कशा म्हणतात ते ज्याला कळायचं त्याला कळतं. साहेबांना कळलं नाही, किंवा कळून त्यांनी कानाडोळा केला.

एकदा बाई राजधानीत राहून बघायला गेल्या होत्या. मोठा बंगला, पुढे हिरवळ, दारात रखवालदार. चहा करायला उठल्या तर आचारी आधीच उभा, पडदा सरकवायला गेल्या तर कुणीतरी धावत आलं. साहेब सकाळी जात ते रात्री येत, आणि आले की त्यांच्यामागे फायली घेऊन दोघेजण येत. बाईंनी जेमतेम आठवडा काढला आणि परत आल्या. "दुकान कोण बघणार?" असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. तिथे नवरा जास्त लांब वाटत होता. गावात निदान दुकानातलं त्याचं स्टूल तरी शेजारी होतं.

तर बाई एकट्याच औषध काढत, एकट्याच मोठ्याने वाचत, आणि वाचून झालं की जरा थांबत. नवीन गिऱ्हाईक विचारी, "काय झालं बाई? संपलं का?" "काही नाही," म्हणून त्या पट्टी पुढे सरकवत. जुन्यांना ठाऊक होतं. ती थांबायची जागा साहेबांच्या 'बरोबर'ची होती. वीस-बावीस वर्षं बाईंनी ती जागा कुणाला दिली नाही. मदतीला माणूस ठेव म्हणून लेकीने फोनवरून किती डोकं फोडलं, ती लांब परक्या शहरात नोकरी करत होती. बाई म्हणायच्या, बघू.

साहेबांनी तिकडे नाव काढलं, हे कबूल करायला हवं. औषधाच्या पट्टीवर नाव आणि ताकद मोठ्या अक्षरात छापलीच पाहिजे, असा कायदा त्यांनी धडपडून करून घेतला. कंपन्यांनी आडवे पाय घातले, स्वतःच्या पक्षातले लोक कंटाळले, पण हे हटून बसले. भाषणात म्हणाले, "माझी बायको आजही दुकानात बसून प्रत्येक पट्टी मोठ्याने वाचते. मला तिच्यासाठी हा कायदा हवा आहे." बाईंनी ते टीव्हीवर ऐकलं आणि पदराआड रडल्या. मग स्वतःवरच चिडल्या, कारण टीव्हीवरच्या नवऱ्यासाठी रडणं म्हणजे अगदीच झालं.

आणि काळाची थट्टा बघा, ती मोठी अक्षरं दुकानात येऊन पोचली तेव्हा बाईंना ती दिसेनाशी व्हायला लागली होती. डोळ्याच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल, पण ज्याच्याकडे सरळ बघाल तेवढंच दिसणार नाही. गेलेलं परत येत नाही. बाईंनी चष्मा पुसला, डॉक्टरांचे आभार मानले आणि घरी येऊन नवऱ्याला फोनवर सांगितलं, "नंबर थोडा बदललाय."

का लपवलं? अहो, सरळ आहे. सांगितलं असतं तर ते धावत आले असते. सगळं सोडून आले असते, तेवढा माणूस चांगलाच होता. पण बाईंना ते तसे यायला नको होते. इतकी वर्षं वाट बघितली ती काय आजारी बायकोला सांभाळायला आलेल्या नवऱ्याची? त्यांना तो माणूस हवा होता ज्याला सकाळी उठून आपणहून दुकानात यावंसं वाटेल. हट्ट म्हणा, मान म्हणा, पण तेवढी एक गोष्ट बाईंनी जपली होती.

मग त्या भिंग वापरू लागल्या, काउंटरच्या खाली धरून, कुणी बघत नसताना. नाजूक औषधांची चिठ्ठी आली की म्हणत, "दुपारी या, काढून ठेवते," आणि दुपारी भर उन्हात दाराशी बसून भिंगाखाली एकेक अक्षर कडेच्या नजरेने पकडत. कप्पे हाताला ओळखू येतील असे नव्याने लावले. एकाच गोळीच्या कमी-जास्त ताकदीची पाकिटं असतात ना, त्यातलं कमी ताकदीचं आधी डावीकडे असे. ते त्यांनी उजवीकडे, हाताशी आणलं, आणि जास्त ताकदीचं, म्हणजे धोक्याचं, लांब डावीकडे सारलं. डोळ्यांत तेल घालून काम करत होत्या, डोळेच जात असताना. पण किती दिवस ओढणार? जिवाला घोर लागला होता. येत्या निवडणुकीला साहेब पुन्हा उभे राहिले तर दुकान बंद करायचं, आणि दुकान बंद झालं की त्यांनी परत यायचं तरी कुठे, हा विचार बाईंची पाठ सोडेना.

आणि एक दिवस टीव्हीवरच कळलं. साहेब सांगत होते, आता निवडणूक नाही, मंत्रिपद नाही. "मी मूळचा औषधवाला. माझ्या काउंटरवर परत जायची ओढ मला इतकी वर्षं आहे. आता जातो." बाई टीव्हीजवळ जाऊन बसल्या. सरळ बघितलं तर चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिपका, म्हणून जरा बाजूला खिडकीकडे बघितलं, तेव्हा कडेला नवरा दिसला. हसत होता. बाईंच्या जिवात जीव आला. आपणहून येतोय! त्यांनी त्याच दिवशी ते स्टूल धुतलं, त्याचा एक पाय डगमगत होता तो ठोकून घेतला, आणि पांढरा कोट इस्त्री करून खुंटीला लावला. लेक फोनवर म्हणाली, "आई, तू नवरीसारखी काय करतेस गं?" बाईंनी तिला दटावलं, पण त्यांना तसंच वाटत होतं.

साहेब आले. दोन दिवस घरात माणसांची रीघ लागली, भेटणारे, रडणारे, नुसतंच बघायला आलेले. तिसऱ्या सकाळी साहेबांनी कोट चढवला. तो पोटावर बसेना. "धुताना आटलाय," ते म्हणाले. "हो तर, कोटच आटलाय," बाई म्हणाल्या, आणि दोघं हसली. बाईंनी दुकानात शिरताना त्यांचा दंड धरला तो उगाचच थोडा जास्त वेळ धरून ठेवला.

सकाळ काय गेली म्हणून सांगू! साहेब चिठ्ठी घेत, कप्प्याकडे वळत, औषध बाईंच्या हातात देत. बाई वाचत. खरं म्हणजे सोपी औषधं त्या रंगावरून आणि आकारावरूनच ओळखत होत्या. आणि त्यांच्या शेजारून, त्या जागेवरून, आवाज येई, "बरोबर." पहिल्यांदा आला तेव्हा बाईंनी खोकून वेळ मारून नेली. आज भिंग काढायची गरज वाटली नाही. दुकानात आता डोळे होते. ते चुकू देणार नाहीत, असं त्यांना वाटलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी खांदे सैल सोडले.

पलीकडच्या गल्लीतली शिंपीण आली. सासूची रक्त पातळ ठेवायची गोळी हवी होती. साहेबांनी चिठ्ठी घेतली आणि विचारलं, "काय म्हणतात सासूबाई? आणि मुलाला लागली का नोकरी?" शिंपिणीला भरून आलं. मंत्र्यांच्या तोंडून मुलाची चौकशी! ती सांगत सुटली आणि साहेब ऐकत राहिले. त्यांची ती ऐकायची पद्धतच होती, मान थोडी वाकडी करून, समोरच्याला वाटावं की जगात आपल्याशिवाय कुणी नाही. ऐकता ऐकता मागे हात नेऊन त्यांनी औषध काढलं आणि बाईंना दिलं. बाईंच्या बोटांना पट्टी ओळखीची लागली. शिंपिणीच्या सासूची गोळी त्यांना तोंडपाठ होती, वर्षानुवर्षं तीच. त्यांनी न अडखळता म्हटलं, नाव, एक मिलिग्राम, तारीख. साहेबांनी चिठ्ठीवर नजर टाकली.

"बरोबर."

दुपारी गर्दी ओसरली. साहेब दारात उभे राहून कुणाशी तरी बोलत होते. बाई कप्पे आवरत होत्या, बोटांनी चाचपत. उजवीकडचं पाकीट, एक मिलिग्रामचं, हाताला लागलं. त्याच्या तोंडावरची चिकटपट्टी जशीच्या तशी. फोडलेलंच नाही. बाईंचा हात डावीकडे गेला. पाच मिलिग्रामचं पाकीट उघडं होतं.

बाईंनी ते पाकीट उचललं आणि दाराकडे वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "शिंपिणीला कुठली गोळी काढून दिलीत?"

"डाव्या हाताची. नेहमीची. का गं?"

"चला. आधी चला."

एखादी गोळी गेली असती तर बहुतेक काही झालं नसतं. पण आठवडाभर पाचपट गोळी गेली असती तर त्या म्हातारीच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त आलं असतं, आणि डोक्यात कुठे फुटलं असतं तर पुढचं बोलायलाच नको. बाईंनी योग्य गोळ्यांची पट्टी मुठीत धरली आणि शटर अर्धं ओढून निघाल्या. साहेब मागोमाग. वाटेत बाई भराभर सांगत होत्या आणि साहेबांचा चेहरा उतरत होता. पण कोपऱ्यावर पोचले नाहीत तोच कुणीतरी ओरडलं, "साहेब!" मग काय! पाण्याच्या नळाची तक्रार, रखडलेली पेन्शन, एकीला नुसता हात हातात घ्यायचा होता. "आत्ता नको, जरा घाईत आहे," असं म्हणता येतं ना? येतं. साहेबांना येईना. इतकी वर्षं त्यांनी कुणाचा हात झिडकारला नव्हता. ते एकेकाला "हो हो, बघतो" म्हणत सुटायला बघत होते आणि प्रत्येक 'हो'ला दोन माणसं वाढत होती. बाईंनी मागे वळून एकदा बघितलं, म्हणजे कडेने बघितलं, आणि एकट्याच पुढे गेल्या.

शिंपीण मशीनवर होती. सासूबाई ताटावर बसल्या होत्या, शेजारी बशीत गोळी काढून ठेवलेली. बाईंनी बशी उचलली, पट्टी मागून घेतली, स्वतःकडची दिली. "चूक झाली," त्या म्हणाल्या. धाप लागली होती. "दुकानाची चूक झाली. ही घ्यायची नाही. ही घ्या."

"अहो बाई, निरोप पाठवला असतात तरी चाललं असतं की! बसा, पाणी घ्या," शिंपीण म्हणाली. तिला काही विशेष वाटलंच नाही. बाई मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात दारात गलका झाला. साहेब आले होते, आणि त्यांच्यामागे निम्मी गल्ली. कुणीतरी म्हणालं, "बघा, साहेब आता घरोघरी जाऊन औषधं देतायत!" "वा! याला म्हणतात माणूस!" टाळ्या पडल्या. स्टुडिओवाल्याने फोन पुढे करून फोटो काढला. साहेब, म्हातारीच्या पुढ्यात वाकलेले, शिंपिणीकडून बघायला घेतलेली नवी पट्टी हातात. साहेबांनी तोंड उघडलं होतं, काहीतरी सांगायला. पण फोटो म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. आपोआप आलं, त्यांनी आणलं नाही. बाईंना ते कडेने स्वच्छ दिसलं. टीव्हीवरचंच हसू होतं.

दोघं दुकानात परत आली. साहेबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि स्टुलावर बसले.

"मी बघितलं नाही गं," ते म्हणाले. "न बघताच उचललं. ती बोलत होती आणि मी... हात सवयीनं गेला. पण तू वाचलंस ना? तू एक म्हणालीस. माझ्या कानांनी ऐकलं मी."

"मी वाचलं नाही."

"म्हणजे?"

"मला दिसत नाही, अहो." इतके महिने जपलेलं असं एका दमात बाहेर पडलं. "मधलं दिसत नाही. तोंडपाठ होतं ते म्हणाले. म्हटलं, तुम्ही आहात."

साहेब स्टुलावर पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"झालं वर्ष-दीड वर्ष."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात."

"मग?"

"म्हणूनच नाही सांगितलं."

साहेबांनी दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. "देशभरातली अक्षरं मोठी केली मी," ते म्हणाले, "आणि घरात..." बोलता बोलता रडले. बाईंना त्यांचा रागही आला आणि मायाही आली, दोन्ही एकदम. "इकडे बघ," साहेब म्हणाले. बाई म्हणाल्या, "इकडे बघितलं की तुम्ही दिसत नाही. जरा तिकडे बघितलं की दिसता." आणि त्या कपाटाकडे तोंड करून त्यांच्याकडे बघत राहिल्या. गाल सुटले होते, केस विरळ झाले होते. त्या ज्याची वाट बघत होत्या त्याचे केस दाट होते आणि तो गिऱ्हाइकाशी बोलतानाही पट्टीवरून नजर काढत नसे. तो आला नव्हता. तो आता येणारही नव्हता, हे बाईंना त्या स्टुलाजवळ उभ्या असताना कळून चुकलं, आणि असं रडू आलं की त्यांनी काउंटर घट्ट धरला.

"उद्यापासून दुकान बंद," त्या म्हणाल्या. "आपण दोघांनीही औषधाला हात लावायचा नाही."

"हो," साहेब म्हणाले. वाद घातला नाही.

साहेब शटर ओढायला उठले तोच त्यांचा फोन वाजला. पक्षाध्यक्षांचा होता. तो फोटो तोवर सगळीकडे पोचला होता. औषध घेऊन म्हातारीच्या दारी गेलेला माजी मंत्री, लोक वेडे झाले होते. अध्यक्षांचा आवाज एवढा मोठा की बाईंना शब्द न् शब्द ऐकू येत होता. निवडणूक लढवायची गरज नाही, वरच्या सभागृहात घेतो, खातं तुमचंच, सगळ्या देशाचं आरोग्य. लोकांना तुम्ही हवे आहात. परत या.

साहेब शटरपाशीच उभे होते. त्यांची पाठ ताठ झाली होती. "अध्यक्षजी," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात जो जीव होता तो ह्या तीन दिवसांत बाईंनी एकदाही ऐकला नव्हता. सकाळभरच्या सगळ्या 'बरोबर'मध्ये मिळून तो नव्हता. बाईंना आवाजातलं कळायचं. आपल्या माणसाला कुठे जायचं आहे हे त्यांना फोन ठेवायच्या आधीच कळलं. ओढ काउंटरची आहे असं तो वीस वर्षं म्हणत होता, आणि खरंच समजत होता. काउंटरवर उभा राहिला तेव्हा त्याला कळलं असणार.

"नाही," साहेब फोनवर म्हणाले. "नाही जमायचं. घरी अडचण आहे. बायकोची तब्येत बरी नाही."

पलीकडून बराच वेळ समजावणी चालली. साहेब "नाही" म्हणत राहिले, दर वेळी हळू. मग फोन ठेवून बाईंकडे वळले. "सांगून टाकलं," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला.

हेच तर नको होतं. ह्याच्यासाठीच तर दीड वर्ष तोंड शिवून बसल्या होत्या. तो राहिला होता, पण दुकानासाठी नाही, ओढीने नाही. कीव आली म्हणून राहिला होता, कर्तव्य म्हणून राहिला होता. बाईंना साफ कळत होतं की एका शब्दाचं काम आहे. 'जा' म्हटलं की तो जाईल, आणि जन्मभर उपकार मानेल. किंवा नेहमीचं 'तुमची मर्जी' म्हटलं तरी पुरे, तो तेवढ्यावरही अध्यक्षांना पुन्हा फोन लावेल. देशाचं भलं होईल म्हणे. लेकीला विचारलं असतं तर लेकही म्हणाली असती, आई, जाऊ दे त्यांना. चांगल्या बाईने हेच म्हणायला हवं, हेही त्यांना ठाऊक होतं. साहेब समोर उभे होते, वाट बघत. आता वाट बघायची पाळी त्यांची होती.

बाईंनी हात पुढे केला. मधलं दिसत नव्हतं, तरी साहेबांचा हात त्यांना बरोबर सापडला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि तो हात सोडला नाही.